वारली चित्रांची उसनवारी

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत राहणाऱ्या वारली समाजाची चित्रे आज चादरी, कुर्ते, कपबश्या आणि हॉटेलांच्या भिंती अशी कुठेही दिसतात. ती काढणारा मात्र पुष्कळदा वारली नसतो आणि त्याने कोणाला विचारलेलेही नसते. उसनवारी कलेला नवी नाही. प्रश्न आहे तो काय घेतले, कोणाकडून घेतले आणि त्याचे नाव घेतले की नाही, हा.

वारली चित्रांत सर्वांत जपून हाताळण्याची गोष्ट म्हणजे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकोनी विधीचित्र. शेणमातीने सारवून गेरू लावलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करून, टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने तो लिहितात. त्याच्या मधोमध पालघाट ही लग्नाची आणि सुफलतेची देवी असते आणि चौकावाचून लग्न लागत नाही. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फेर धरलेली माणसे, झाडे, गुरे यांचे तसे नाही. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद पुरवल्यावर जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांनी हे विषय स्वतःच भिंतीबाहेर आणले. त्यामुळे तारप्याचा फेर उशीच्या अभ्र्यावर छापणे आणि देवीसह चौक छापणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ विशिष्ट कलाकृतीला कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण देतो, पण शैलीला देत नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे आलेल्या आकृतीचा कर्ता म्हणून एक नाव दाखवता येत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी ते मुख्यतः नावाचा गैरवापर रोखते. ‘वारली’ हा शब्द न वापरता तीच त्रिकोणी माणसे छापणाऱ्यावर त्याचा फारसा वचक नाही. साहजिकच परवानगीचा भार कायद्यापेक्षा घेणाऱ्याच्या सचोटीवर येतो. एखाद्या चित्रकाराचे ठराविक चित्र हवे असेल तर त्याची लेखी संमती, मोबदला आणि वस्तूवर त्याचे नाव, एवढे तरी असायलाच हवे. चौकासारख्या विधीच्या चित्राबाबत तो लिहिणाऱ्या बायकांना आधी विचारावे, आणि त्या नको म्हणाल्या तर ते चित्र घेऊ नये.

उसनवारीपेक्षा निराळी वाटही याच कलेच्या इतिहासात आहे. दगड, माती आणि पायी प्रवास यांतून वर्तुळे व रेषा घडवणारे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग २००३ मध्ये वारली प्रदेशात आले. पुढे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांचे आणि मशे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग यांनी मशे यांच्या आकृत्या उचलल्या नाहीत. ते आपल्याच रीतीने काम करत राहिले आणि प्रदर्शनावर दोघांचीही नावे होती.