चेन ‘ताणली’ म्हणजे नेमकं काय झालं?

पुतण्याला सेकंडहँड स्विफ्ट डिझेल घ्यायची आहे. परवा त्याच्याबरोबर गाडी बघायला गेलो, तर आम्ही पोचायच्या आधीच विक्रेत्याने इंजिन चालू करून ठेवलं होतं. बॉनेटला हात लावला तर चांगलंच तापलेलं. म्हटलं, उद्या सकाळी येतो, तोवर सेल्फ मारू नका.

या गाडीत फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन असतं. डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो यांतही तेच. मनेसरला आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं. 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीने डिझेल सोडलं, म्हणजे आता मिळणारी प्रत्येक स्विफ्ट डिझेल बरीच वापरलेली असणार. इंजिन गुणी आहे, पण त्याची एक दुखरी नस आहे: टायमिंग चेन.

परतताना पुतण्याने विचारलं, “काका, चेन ताणली तर सायकलसारखी घट्ट करता येत नाही का?” प्रश्न अगदी रास्त आहे, कारण गॅरेजमध्येही ‘चेन ताणली’ असंच म्हणतात. पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. चेनची प्रत्येक कडी पुढच्या कडीला पिनने जोडलेली असते. चक्रावर चढताना आणि उतरताना हा सांधा वाकतो आणि पिन घासते. समजा चेनमध्ये शंभर सांधे आहेत आणि प्रत्येक जण फक्त 20 मायक्रॉन झिजला, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. सगळ्यांची बेरीज होते 2 मिलिमीटर!

चेनचं काम क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा दांडा) यांचा ताल जुळवायचं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. ओढल्या जाणाऱ्या बाजूला 40 सांधे धरले तर तिथे 0.8 मिलिमीटर लांबी वाढली. कॅमच्या चक्राची त्रिज्या 40 मिलिमीटर धरा, म्हणजे कॅम एक अंशाहून थोडा जास्त मागे पडला आणि क्रँकच्या हिशोबाने सव्वादोन अंश. तेवढ्या उशिराने व्हॉल्व्ह उघडतात. झीज आणखी वाढली की चेन चक्राचा दात सोडून उडी मारते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात.

पिन इतकी का झिजते? काजळीमुळे. डिझेल जळताना तयार झालेले कण पिस्टनच्या रिंगांजवळून ऑइलमध्ये उतरतात. एकेक कण मायक्रॉनच्याही काही शतांशांएवढा. ऑइलमधली रसायनं त्यांना सुटंसुटं ठेवतात. ती संपली की कणांचे पुंजके होतात आणि पिनवरचा संरक्षक थर खरवडून काढतात. ऑइल काळं दिसतं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते किती किलोमीटर तसंच चालवलं, हे महत्त्वाचं.

वाढलेला सैलपणा टेन्शनर, म्हणजे चेन दाबून ताठ ठेवणारा भाग, सावरतो, पण ऑइलच्या दाबावर. रात्रभर उभ्या गाडीत हा दाब नसतो. म्हणून थंड इंजिनाचे पहिले दोन-तीन सेकंद गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाशी कान द्यायचा. सैल चेन तिथे खडखडते आणि दाब आला की गप्प होते. तापलेल्या इंजिनात हा पुरावा मिळत नाही. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0016 हा कोड आला तर क्रँक-कॅमचा ताल चुकल्याचा संशय घ्यावा. नाही आला म्हणून चेन नवी ठरत नाही.

त्या रात्री घरून एकच विचारणा झाली, गाडीच्या नंबरची बेरीज किती येते? मला याचं खरंच वाईट वाटतं. बेरीज नऊ आली म्हणून बिलं न बघता लाखो रुपये मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘इंजिन नवं होतं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, ऑइलमध्ये ओतायच्या औषधांच्या बाटल्याही तशाच. झिजलेलं पोलाद कुठल्याही औषधाने परत येत नाही.

सकाळी सातला गेलो. बॉनेट गार होतं. पुतण्याने सेल्फ मारला, मी कान देऊन उभा होतो. खडखड आली नाही. मग बिलं मागितली: 58 हजार ते 91 हजार किलोमीटरच्या मध्ये ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही. पुतण्याने चेन किटचा आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगितला. विक्रेता म्हणाला, संध्याकाळपर्यंत कळवतो.