सर्व्हिस एंडपॉइंट घ्यायचा की प्रायव्हेट, आणि ‘लावला तरी चालत नाही’ असा फोन करण्याआधी काय बघायचं

क्लाउडवरच्या स्टोरेजला किंवा डेटाबेसला आपल्या नेटवर्कमधून पोचायचं तर सर्व्हिस एंडपॉइंट घ्यायचा की प्रायव्हेट, दर दुसरा ग्राहक हेच विचारतो म्हणून एकदाचं लिहून काढलं. व्हीनेट, सबनेट, पीअरिंग हे तुम्हाला माहीत आहे असं धरतोय. आमची बहुतेक कामं अझूरवरची (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड), म्हणून उदाहरणंही तिथलीच.

सर्व्हिस एंडपॉइंट म्हणजे सबनेटवरचं एक सेटिंग. ते चालू केलं की स्टोरेजच्या किंवा एसक्यूएलच्या (अझूरवरच्या डेटाबेसच्या) फायरवॉलमध्ये ‘ह्या सबनेटला येऊ दे’ असं सांगता येतं. वेगळे पैसे लागत नाहीत. पण समोरचा आयपी पब्लिकच राहतो, आणि ऑफिसातून व्हीपीएनने येणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. प्रायव्हेट एंडपॉइंटमध्ये तुमच्या त्या एका स्टोरेज अकाउंटला किंवा एसक्यूएल सर्व्हरला तुमच्याच सबनेटमधला आयपी मिळतो, मग पीअर केलेलं व्हीनेट असो, व्हीपीएन असो, एक्सप्रेसरूट (ऑफिसपासून अझूरपर्यंतची खासगी लाइन) असो, सगळीकडून पोचता येतं. त्याचं तासाचं भाडं आहे आणि डेटाचे पैसे वेगळे.

सगळं एकाच व्हीनेटमध्ये असेल आणि बाहेरून कुणाला यायचं नसेल तर सर्व्हिस एंडपॉइंट पुरतो, आम्ही तसं तोंडावर सांगतो, त्यात आमचं काम कमी होतं तरी. ऑफिसातून डेटाबेस लागतो किंवा ऑडिटवाल्यांनी ‘पब्लिक आयपी नको’ असं लिहून दिलंय, तर प्रायव्हेटच घ्या, उगाच घोळ घालत बसू नका.

एडब्ल्यूएसवाल्यांनी (ॲमेझॉनचं क्लाउड) आधी एकच बघावं, एसथ्रीचा, म्हणजे तिथल्या स्टोरेजचा, ट्रॅफिक नॅट गेटवेतून (खासगी नेटवर्कमधून बाहेर जायच्या वाटेतून) जातोय का. जात असेल तर प्रत्येक जीबीचे पैसे भरताय, आणि एसथ्री व डायनामोडीबी (तिथला एक डेटाबेस) ह्या दोघांसाठी गेटवे एंडपॉइंट फुकट आहे, राउट टेबलमध्ये एक नोंद पडते, बस. आरडीएस, म्हणजे तिथली नेहमीच्या डेटाबेसची सेवा, तर तुमच्या व्हीपीसीतच (एडब्ल्यूएसमधलं व्हीनेट) बसलेलं असतं, त्याला क्वेरी मारायला एंडपॉइंट लागतच नाही.

आता मुख्य दुखणं. प्रायव्हेट एंडपॉइंट तयार झाला, पोर्टलवर हिरवी खूण आली, आणि ॲप मात्र अजून पब्लिक आयपीकडेच जातंय, किंवा तो रस्ता बंद केला असेल तर सरळ एरर. मग लोक फायरवॉल उघडतात, एनएसजी (सबनेटवरचे ट्रॅफिकचे नियम) उघडतात, दोन दिवस घालवतात आणि नंतर आमच्याकडे येतात, तेव्हा नेटवर्कमध्ये इतकं काही उघडून ठेवलेलं असतं की आधी ते बंद करण्यातच वेळ जातो. बहुतेक वेळा दोष डीएनएसचा असतो, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेचा.

जिथून चालत नाही त्याच मशीनवर एनएसलुकअप (नावाचा आयपी विचारणारी कमांड) मारा, स्टोरेजचं किंवा एसक्यूएल सर्व्हरचं पूर्ण नाव देऊन. आपल्या लॅपटॉपवर नाही, त्याच मशीनवर. उत्तरात ‘प्रायव्हेटलिंक’ हा शब्द असलेलं नाव दिसलं म्हणून खुश होऊ नका, ते पब्लिक डीएनएससुद्धा दाखवतं. खालचा आयपी बघा. १०.१.२.५ असा तुमच्या सबनेटमधला आला तर डीएनएस ठीक आहे, पब्लिक आला तर प्रायव्हेट डीएनएस झोन (ह्या नावांचे खासगी आयपी जिथे नोंदवलेले असतात तो) त्या व्हीनेटला लिंक नाही किंवा मशीन भलत्याच डीएनएस सर्व्हरला विचारतंय. ऑफिसातल्या मशीनचं तर हमखास हेच, कारण अझूरचा १६८.६३.१२९.१६ हा डीएनएस फक्त व्हीनेटच्या आतूनच उत्तर देतो. ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरवर त्याचा फॉरवर्डर टाकून, म्हणजे प्रश्न थेट त्याच्याकडे पाठवून, काही होत नाही, मध्ये व्हीनेटमध्ये रिझॉल्व्हर, म्हणजे तो प्रश्न आतून विचारून देणारा, लागतो.

आणि कृपा करून कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (ॲपला डेटाबेसचा पत्ता सांगणारी ओळ) आयपी टाकू नका. अझूर एसक्यूएलला नेहमीचंच नाव द्यावं लागतं, आयपीने किंवा प्रायव्हेटलिंकवाल्या नावाने लॉगिन फेल होतं. होस्ट्स फाइलमध्ये (त्या एका मशीनपुरती नाव-आयपीची यादी) नोंद टाकली की आज चालतं खरं, पण उद्या एंडपॉइंट नव्याने केला, आयपी बदलला, की कुणाला आठवतही नाही ती नोंद कुठल्या मशीनवर आहे. आम्ही ती टाकून देत नाही, घाई असली तरी.

दुसरं म्हणजे मागचं दार बसवलं म्हणून पुढच्याला आपोआप कुलूप लागत नाही. पब्लिक ॲक्सेस वेगळा बंद करावा लागतो, आणि तो सगळ्यात शेवटी, सगळ्या जागांवरून नाव बरोबर उघडतंय हे बघून. डेटा लेक असेल तर ब्लॉब आणि डीएफएस, म्हणजे त्याच स्टोरेजचे दोन वेगळे पत्ते, दोन्हींचे एंडपॉइंट लागतात, एकच केला की निम्मी टूल्स चालतात आणि निम्मी नाहीत.

‘एका क्लिकचं काम, त्याला रात्रीची वेळ कशाला मागता’ असं बरेच जण विचारतात. सर्व्हिस एंडपॉइंट चालू करताना त्या सबनेटमधून त्या सर्व्हिसकडे उघडी असलेली टीसीपी कनेक्शनं तुटतात. भर दुपारी बिलिंग चालू असताना हे झालं तर ओरडा आम्हालाच खावा लागतो. म्हणून आधी प्रत्येक जागेवरून एनएसलुकअप, मग रात्री बदल, मग पुन्हा तीच तपासणी, आणि कुठला झोन कुठे लिंक आहे त्याचा एक कागद तुमच्या हातात. हा कागद आमच्या कोटेशनमध्ये धरलेलाच असतो, पुढे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तरी तुमच्याच कामाला येईल.

फोन करण्याआधी एनएसलुकअपचं उत्तर, ते कुठल्या मशीनवर घेतलं, आणि एररचा पूर्ण मजकूर पाठवा, अर्धवट स्क्रीनशॉट नको. स्टोरेजची ॲक्सेस की किंवा पासवर्ड मात्र त्यात पाठवू नका, लोक पाठवतात.