लिंबूटिंबू टीमचा कॉलेज पिक्चर

कॉलेजची एक अशी टीम जिला कोणी हिशेबातच धरत नाही, किंवा त्या टीममधला सगळ्यात कच्चा गडी, शेवटच्या मॅचपर्यंत कसा पोचतो हे हसवत हसवत सांगणारा सिनेमाप्रकार. लिंबूटिंबू हा शब्द इथे मुद्दाम घेतलाय. लहानपणी ज्याला खेळायला घेतात पण ज्याचं आऊट होणं धरत नाहीत तो लिंबूटिंबू, आणि या पिक्चरचा हिरो बहुतेक वेळा नेमका तोच राहतो, टीमसोबत असतो पण टीममध्ये नसतो.

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. साधारणपणे अमेरिकन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडच्या 'द फ्रेशमन' (१९२५) या मूकपटापासून धरतात. पण एच. सी. विटवर नावाच्या लेखकाचं म्हणणं होतं की हा पिक्चर त्याच्या १९१५ सालच्या 'द इमॅन्सिपेशन ऑफ रॉडनी' या कथेवरून उचललाय. विटवर १९२९ मध्ये वारला, दावा पुढे त्याच्या बायकोने चालवला, खालच्या कोर्टात ती जिंकली आणि १९३३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, म्हणजे दोन्हीत सारखेपणा आहे पण तेवढ्यावरून नक्कल केली असं ठरत नाही, असा त्याचा मतलब. कायद्याने प्रश्न मिटला, उगमाचा मात्र तेवढ्याने मिटत नाही, कारण हौशी पण दुबळा पोरगा आणि शेवटच्या मॅचमध्ये त्याचं मैदानात उतरणं ही कल्पना त्या काळात एकट्या कोणाची होती असं म्हणणं कठीण आहे. आम्हाला जास्त पटतं ते असं की आधी जिंकणारा हिरो आला आणि मग त्याला कोणीतरी उलटा केला. १८९६ पासून अमेरिकेत फ्रँक मेरीवेल नावाच्या कॉलेजवीराच्या स्वस्त गोष्टी खपत होत्या, तो कुठल्याही खेळात पहिलाच. फ्रेशमनमधला पोरगा अशाच एका कॉलेजहिरोचा पिक्चर पाहून त्याची नक्कल करतो, हात मिळवायच्या आधी दरवेळी पायांनी एक छोटा नाच करतो आणि मग हात पुढे करतो, आणि सगळं कॉलेज त्याच्या पाठीमागे तोच नाच करून हसतं, त्याला मात्र वाटतं आपण लोकप्रिय झालो. हसू येतं आणि पोटात कालवतं पण, या प्रकाराचा जीव त्या चार पावलांत आहे.

साल सांगताना जरा जपून सांगावं लागतं. पिक्चर सप्टेंबर १९२५ चा, पण स्टेडियमच्या गर्दीचे काही शॉट नोव्हेंबर १९२४ मध्ये बर्कलीच्या मैदानावर कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या खऱ्या मॅचच्या मध्यंतरात घेतलेले आहेत.

कथेचा सांधा खेळाच्या नियमात आहे, इकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. हा अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात धरून पळायचा, मैदानात अकरा जण. त्या काळात बाहेर गेलेला खेळाडू पाहिजे तेव्हा परत आत येऊ शकत नव्हता, त्यामुळे एकेक जण जखमी होत गेला की बाकडं खरंच रिकामं व्हायचं, आणि म्हणून फ्रेशमनच्या हिरोला, म्हणजे टीमला पाणी देणाऱ्या पोराला, उतरवणं हे लेखकाने ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. शिट्टीचंही तसंच. पंच त्याला दम देतो की शिट्टी वाजली की बॉल सोडायचा, आणि पुढे तो एकटा सुटलेला असताना बाहेर कारखान्याची शिट्टी वाजते आणि हा गोललाइनच्या अगदी जवळ बॉल टाकून देतो!

बस्टर कीटनचा 'कॉलेज' (१९२७) आणि मार्क्स बंधूंचा 'हॉर्स फेदर्स' (१९३२) ही याच घराण्यातली पुढची नावं.

हिंदीत 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) जवळचा, पण तो पुरता विनोदी नाही. 'छिछोरे' (२०१९) मात्र या व्याख्येत बसतो, जरी सामना कॉलेजांमधला नसून होस्टेलांमधला आहे, आणि त्यात लिंबूटिंबू शेवटी हरतात, आमच्या मते हा या प्रकारातला मोठा बदल. नागपूरचा 'झुंड' (२०२२) वेगळीकडे ठेवावा लागतो, कारण तिथे कॉलेजची टीम समोरच्या बाजूला आहे आणि झोपडपट्टीतले पोट्टे तिला हरवतात.

विदर्भाच्या खेड्यात हे पिक्चर पोचतात तेव्हा पाहणाऱ्याच्या डोक्यात कबड्डी असते, आणि कबड्डीत बाकडं रिकामं व्हायचा प्रश्नच वेगळा आहे. सात जण आत, पाच राखीव. एक गडी बाद झाला की तो कायमचा गेला असं नाही, आपल्या कोणी समोरचा एक मारला की आपला एक जिवंत होतो, तोही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने, बोनसच्या गुणावर मात्र कोणी जिवंत होत नाही. सगळे बाद झाले तर लोण, समोरच्याला दोन गुण जास्त. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा, म्हणजे नियमच कमजोर झालेल्या टीमला आधार देतो. म्हणून इकडचा असा पिक्चर लिहायचा तर बदली खेळाडूची युक्ती चालणार नाही, मैदानात एकटा उरलेला गडी घ्यावा लागेल, आणि तो एकटा उरलाय कारण आतापर्यंत त्याला कोणी हातच लावला नाही, इतका तो कोपऱ्यात.

सुरुवातीचा सीन तर तयारच आहे. हिवाळ्यात गावोगावी वजनगटाच्या कबड्डी स्पर्धा भरतात, फ्लेक्सवर ५५ किलो, ६० किलो असं मोठ्या आकड्यात लिहिलेलं राहते. ज्याचं वजन पाव किलो जास्त भरते तो पोट्टा सकाळपासून पाणी पीत नाही, स्वेटर घालून बांधाबांधाने पळतो, काट्यावर चढताना बनियनही काढून मित्राच्या हातात देतो, आणि काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राहतो, जसा काही श्वासाचंही वजन होईल.