जाड काँक्रीटला पाणी केव्हा मारायचे?

सहा इंची स्लॅबला दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारतात. दोन मीटर जाडीच्या राफ्टला, म्हणजे इमारतीखालच्या सलग पाया-स्लॅबला, हीच सवय लावली की भेगा पडतात. फरक कळायला धरणांकडे जावे लागते.

अमेरिकेतल्या हूवर धरणात 1933 साली काँक्रीट पडू लागले. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतली उष्णता तशीच सोडली असती, तर ते धरण निवायला सव्वाशे वर्षे लागतील असा हिशेब होता. म्हणून पाच-पाच फुटांचे थर सुट्या ठोकळ्यांत ओतले, प्रत्येक थरात एक इंची पाइप टाकले आणि त्यांतून आधी नदीचे, मग यंत्राने गार केलेले पाणी फिरवले. एकूण पाइप 582 मैल! गारवा आतून दिला, हे महत्त्वाचे. 1940 च्या दशकात नॉरफोर्क धरणावर मिश्रणातच बर्फ घालायला सुरुवात झाली. तिसरी वाट सिमेंट कमी करण्याची. आपल्याकडे घाटघरच्या रोलरने दाबलेल्या काँक्रीट धरणांत सिमेंटपेक्षा राखच (फ्लाय ॲश) जास्त आहे.

इमारतींच्या राफ्टमध्ये मात्र सिमेंट भरपूर असते. घनमीटरमधल्या दर 100 किलो सिमेंटमागे तापमान साधारण 12 अंश वाढते, हा ढोबळ आडाखा. 400 किलो नुसते ओपीसी (राख वगैरे न मिसळलेले साधे सिमेंट) आणि ओतताना 32 अंश असले, तर गाभा 80 च्या घरात जातो. 70 च्या वर विलंबित एट्रिंजाइटचा, म्हणजे काँक्रीट कडक झाल्यावर उशिराने बनणाऱ्या स्फटिकांचा, धोका असतो. वाफेवर पिकवलेल्या रेल्वे स्लीपरांनी तो 1980 च्या दशकात दाखवून दिला. त्यात काँक्रीट महिन्या-वर्षांनी आतून फुगते.

भेगेचे कारण वेगळे. गाभा तापून फुगलेला, पृष्ठभाग निवून आकसू पाहतो आणि ताणला जातो. दोन्हींतला फरक 20 अंशांच्या आत ठेवा, हा नियम त्यातूनच आला. गाभा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तापलेला असतो. नेमके तेव्हा टँकरचे गार पाणी ओतणे किंवा थंडीच्या संध्याकाळी साचे काढणे म्हणजे हा फरक आपणच वाढवणे.

म्हणून पृष्ठभाग कडक होताच ओले गोणपाट, त्यावर प्लॅस्टिक, वर थर्मोकोल. गाभ्यात आणि पृष्ठभागाखाली 50 मिमीवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून दर दोन-चार तासांनी नोंद घ्यावी. बांध घालून पाणी साठवायचेच, तर ते पृष्ठभागाइतके कोमट असावे आणि हलवू नये. साचलेले पाणीही पांघरुणाचे काम करते. पांघरूण एकदम ओढू नये. गाभा आणि बाहेरची हवा यांत 20 अंशांहून कमी फरक उरला की एकेक थर काढावा. त्याला आठवडा लागतो, कधी दोन, आणि ठेकेदाराची घाई तिथेच आडवी येते.