दिल्ली साडेतीनपट लांब, मग वेळ दुप्पटच कसा?

चवथीला घरी आलेला भाचा परतीचं तिकीट बघत होता. गोवा-मुंबई सव्वा तास, गोवा-दिल्ली साधारण २ तास ३५ मिनिटं. "मामा, दिल्ली तर मुंबईच्या साडेतीनपट लांब. मग वेळ दुप्पटच कसा?" इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. पंचखाद्य बाजूला ठेवून आम्ही कागद घेतला.

आधी अंतर. रस्त्याने मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास, कारण वाटेत घाट आणि खाड्या. आकाशातलं अंतर मात्र नकाशावरून घरबसल्या काढता येतं. गोव्याचा दाबोळी विमानतळ १५ अंश २३ कला (६० कलांचा एक अंश) उत्तर अक्षांशावर, मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ कलांवर. फरक २२२ कलांचा. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. गुणाकार केला की ४११ किलोमीटर येतात. मुंबई थोडी पश्चिमेला सरकलेली आहे, म्हणून खरं अंतर सुमारे ४२५. दिल्ली अशीच सुमारे १,५०० किलोमीटर भरते.

आता गंमत बघा. दिल्लीला जाताना १,०७५ किलोमीटर जास्त कापायचे आणि त्याला ८० मिनिटं जास्त लागतात. म्हणजे ताशी सुमारे ८०० किलोमीटर. जेट विमानाचा उंचावरचा वेग जवळपास एवढाच असतो! त्या वेगाने मुंबई अवघ्या ३२ मिनिटांत यायला हवी. उरलेली ४३ मिनिटं अंतराची नाहीतच, ती दोन टोकांची आहेत. हैदराबादवर पडताळून पाहिलं: ५३० किलोमीटरची ४० मिनिटं अधिक ४३, एकूण ८३. वेळापत्रकातही साधारण तेवढीच असतात.

तिकिटावरचा वेळ मोजला जातो तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल येते, चढण येते, उतरण येते. १० हजार फुटांखाली वेग सहसा २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. मग उतरणाऱ्यांची रांग लागते, कधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. हे सगळं गृहीत धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. मुंबईच्या छोट्या प्रवासात विमान पूर्ण उंचीवर जेमतेम स्थिरावतं आणि लगेच उतरायला लागतं.

वारा हिशेब थोडा हलवतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून जोरदार पश्चिमी वारे वाहतात. दिल्लीकडे जाणाऱ्या विमानाला ते आडवे येतात, त्यामुळे वाट राखण्यासाठी नाक किंचित वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं.

भाच्याचा पुढचा प्रश्न मोपाचा, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचा. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. दाबोळीहून मोपा सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर उत्तरेला, म्हणजे मुंबई तेवढीच जवळ आली. हवेत त्याची बचत तीन मिनिटं! पण आम्ही गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याचे. दाबोळी गाठायला आम्हाला मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडाव्या लागत, त्यात तासाहून जास्त जाई. आता विमान आमच्याच तालुक्यातल्या सड्यावरून उडतं. दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसासाठी मात्र मोपाच लांब, त्याने दाबोळीच धरावी.