हॉट स्टोव्ह लीग

हॉट स्टोव्ह लीग : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा एक हंगाम संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत खेळाडूंचे करार, अदलाबदल आणि पुढच्या वर्षीची संघरचना यांविषयी चाहत्यांमध्ये जी अखंड चर्चा चालते तिचे, आणि त्यावरून त्या हिवाळी काळाचेही, रूढ नाव. नावात लीग असली तरी तिच्यात सामने होत नाहीत. वर्ल्ड सिरीज (अंतिम विजेतेपदाची मालिका) ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी संपते आणि फेब्रुवारीच्या मध्यास पिचर (चेंडू फेकणारे) व कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारे) फ्लॉरिडा आणि ॲरिझोनातील सराव शिबिरांत दाखल होतात. मधले साडेतीन महिने या चर्चेचे.

व्युत्पत्ती : मराठी वाचकाला स्टोव्ह म्हटले की पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो. येथे तो अभिप्रेत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील खेड्यांच्या किराणा दुकानांत मध्यभागी बिडाची, फुगीर पोटाची, लाकूड किंवा दगडी कोळसा जाळणारी शेगडी असे. तिचे धुराडे छपरातून वर जाई. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की गावकरी तिच्याभोवती बसत, आणि बोलण्यात बेसबॉल येई. हे चित्र सर्वमान्य आहे. वाद आहे तो शब्दप्रयोग प्रथम कोणी केला याविषयी. कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमचे इतिहासकार अर्नेस्ट लॅनिगन यांनी त्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिणारे सिनसिनाटीचे क्रीडालेखक रेन मल्फर्ड यांना दिले. लॅनिगन स्वतः त्या काळाच्या वृत्तपत्रसृष्टीत वावरलेले असल्याने हे मत पुढे बहुतेकांनी उचलले. मात्र ते उत्तरकालीन साक्षीवर उभे आहे. शेगडीभोवतीच्या गप्पांची प्रतिमा मल्फर्ड यांच्याही आधीची आहे, आणि तिला ‘लीग’ हा शब्द चिकटायला नॅशनल लीगची १८७६ मधील स्थापना आणि त्यानंतर तो शब्द घरोघरी पोचणे पुरेसे होते. म्हणून मल्फर्ड यांना जनक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. त्या काळी हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपे आणि एप्रिलच्या मध्यास सुरू होई. सहा महिने मैदान रिकामे, आणि वृत्तपत्रांचे क्रीडापृष्ठ मात्र रोज भरायचे. या अडचणीनेही शब्द रुजवला असावा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू राखून ठेवण्याचा करार केला. पुढे त्याची व्याप्ती सर्व खेळाडूंपर्यंत गेली. ‘रिझर्व्ह क्लॉज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कलमामुळे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राही. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षे शेगडीभोवतीची चर्चा प्रामुख्याने मालकांनी केलेल्या विक्रीची आणि अदलाबदलीची होती.

तिच्यातील सर्वांत गाजलेला व्यवहार बेब रूथ यांच्या विक्रीचा. बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी डिसेंबर १९१९ अखेर त्यांना न्यू यॉर्क यांकीजला १ लाख डॉलरना विकले. बातमी जानेवारी १९२० च्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाली. फ्रेझी नाट्यनिर्माते होते, एका संगीतिकेच्या भांडवलासाठी त्यांनी रूथ यांना विकले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये. त्यामुळे कथा या रूपात टिकत नाही. संगीतिका ज्या नाटकावर बेतली होती ते नाटक डिसेंबर १९१९ मध्ये रंगमंचावर आले होते, याकडे काही अभ्यासक बोट दाखवतात. हे मत तारखांशी जुळते. तरी रूथ यांची वाढीव पगाराची मागणी, फ्रेझी यांच्यावरील देणी आणि व्यवहारासोबत यांकीजच्या मालकाकडून बॉस्टनचे मैदान फेनवे पार्क गहाण ठेवून मिळालेले कर्ज ही कारणे अधिक वजनदार दिसतात. १९१८ नंतर बॉस्टनला विजेतेपदासाठी २००४ पर्यंत थांबावे लागले.

राखीव कलमाला आव्हान देणारे खेळाडू कर्ट फ्लड यांनी ऑक्टोबर १९६९ मधील आपली सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला झालेली बदली नाकारली. सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये ते ५ विरुद्ध ३ मतांनी हरले. परंतु २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या बाजूने निर्णय दिला आणि राखीव कलमाचा कणा मोडला. १९७६ च्या सामूहिक करारात वरच्या संघात (मेजर लीगमध्ये) सहा वर्षे सेवेनंतर खेळाडू मुक्त होईल असे ठरले. चर्चेचे स्वरूप बदलले ते येथे. ‘मालक कोणाला विकेल’ या प्रश्नाच्या जोडीला ‘आपल्याला कोण हवा, तो किती वर्षांसाठी हवा आणि त्याचे पैसे कुठून येतील’ हे प्रश्न आले.

हिवाळ्याचा क्रम : वर्ल्ड सिरीज संपताच सहा वर्षे पूर्ण केलेले आणि करार संपलेले खेळाडू मुक्त होतात. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते दुसऱ्या दिवसापासून इतर संघांशी बोलू शकतात. सही मात्र पाच दिवसांनंतर. याच पाच दिवसांत एक बारीक गोष्ट घडते आणि ती चाहत्यांच्या यादीतून हमखास सुटते. हंगामात ६० दिवसांच्या जखमी यादीवर असलेला खेळाडू ४० जणांच्या राखीव यादीत मोजला जात नाही. हिवाळ्यात ती जखमी यादीच नसते, म्हणून अशा सर्वांना ४० मध्ये परत घ्यावे लागते. ‘चार जागा मोकळ्या आहेत’ असे वाटणाऱ्या संघाकडे प्रत्यक्षात एकही नसते.

नोव्हेंबरच्या मध्यास रूल ५ ड्राफ्टपासून (इतर संघांचे दुय्यम संघांतील खेळाडू उचलण्याच्या निवडीपासून) वाचवायच्या तरुण खेळाडूंना ४० मध्ये घ्यायची मुदत येते. अठरा वर्षे किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्यांना पाच हंगाम आणि त्याहून मोठ्यांना चार हंगाम संरक्षण असते. नंतर दुसरा संघ १ लाख डॉलर भरून त्यांना उचलू शकतो. अट अशी की उचललेल्याला पुढचा सर्व हंगाम वरच्या संघात ठेवायचे, नाहीतर ५० हजार डॉलरना मूळ संघाला परत देऊ करायचे. रोबेर्तो क्लेमेंते यांना १९५४ मध्ये पिट्सबर्गने अशाच ड्राफ्टमधून डॉजर्सकडून ४ हजार डॉलरना घेतले. डॉजर्सनी त्यांना १० हजारांचा बोनस देऊन माँट्रियल येथील दुय्यम संघात ठेवले होते आणि फारसे खेळवले नव्हते. पुढे त्यांनी पिट्सबर्गसाठी बरोबर ३,००० हिट्स (बेसवर पोचवणारे फटके) केले.

त्याच सुमारास ज्यांना लवादामार्फत पगार मिळू शकतो त्यांना करार देऊ करायचा की सोडायचे हे ठरते. तीन ते सहा वर्षे सेवा झालेले खेळाडू, आणि दोन ते तीन वर्षांच्या गटातील सेवेने वरचे २२ टक्के, या वर्गात येतात. एका वर्षाची सेवा म्हणजे १७२ दिवस. लवाद संघाचा किंवा खेळाडूचा, दोनपैकी एकच आकडा निवडतो. मधला काढता येत नाही, म्हणून बहुतेक जण आधीच तडजोड करतात. सोडलेल्यांच्या यादीकडे जाणकार चाहते सर्वाधिक लक्ष देतात, आणि ते योग्यच आहे. डेव्हिड ऑर्टिझ यांना मिनेसोटाने डिसेंबर २००२ मध्ये मोकळे केले. महिन्याभराने बॉस्टनने त्यांना साडेबारा लाख डॉलरना घेतले आणि २००४ च्या विजेतेपदात त्यांचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी होता.

डिसेंबरच्या पूर्वार्धात हिवाळी बैठका होतात. सर्व संघांचे व्यवस्थापक व खेळाडूंचे प्रतिनिधी तीन-चार दिवस एका हॉटेलात असतात. १९९० च्या बैठकीत टोरोंटोने फ्रेड मग्रिफ व टोनी फर्नांडेझ यांना सॅन डिएगोला देऊन रोबेर्तो अलोमार व जो कार्टर यांना आणले. चौघेही ऐन भरातले असल्याने फायदा कोणाचा याचा वाद महिनोन्‌महिने चालला. १९९२ आणि १९९३ मध्ये टोरोंटो विजेते ठरले. १९९३ चा शेवटचा फटका कार्टर यांचा होता.

पैशांची मर्यादा : बेसबॉलमध्ये पगारावर सक्तीची कमाल मर्यादा नाही, कर आहे. २०२५ साठी करपात्र रेषा २४.१ कोटी डॉलर होती. ती पहिल्यांदा ओलांडल्यास अधिक रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्यापासून ५० टक्के कर बसतो. फार पुढे गेल्यास अधिभार वेगळा. मोजणी त्या वर्षी दिलेल्या पगाराची नसून कराराच्या वार्षिक सरासरीची असते. शोहेई ओतानी यांचा डिसेंबर २०२३ चा डॉजर्सशी करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा आहे. त्यातील ६८ कोटी पुढे ढकललेले आहेत आणि २०३४ पासून द्यायचे आहेत. करारकाळात हातात वर्षाला २० लाख, तर करासाठी मोजले जातात सुमारे ४.६ कोटी. चर्चेत यांपैकी नेमका कोणता आकडा धरला आहे हे आधी ठरवले नाही तर दोन्ही बाजू वेगळ्याच गोष्टींविषयी बोलत राहतात. जुआन सोतो यांचा डिसेंबर २०२४ मधील मेट्सशी १५ वर्षांचा ७६.५ कोटींचा करार याउलट ढकललेल्या रकमेशिवाय आहे.

संघाची गरज कशी काढतात : सक्रिय संघ २६ जणांचा, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. उरलेल्या १३ फलंदाजांपैकी नऊ क्रमात आणि चार बाकावर : दुसरा कॅचर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधली जागा) सांभाळू शकणारा एक, सेंटर फील्ड (मैदानाचा मागचा मधला भाग) सांभाळू शकणारा एक आणि एक मोकळा. हा चौथा गडी बहुधा समोरच्या पिचरचा हात पाहून वापरायचा असतो. डावखुऱ्या फलंदाजाला उजव्या हाताचा पिचर सोपा जातो आणि बहुतेक पिचर उजवे असतात, म्हणून सगळी फळी उजवी असलेल्या संघाला डावा फलंदाज शोधावा लागतो.

पिचिंगचा हिशेब डावांनी करावा. १६२ सामने गुणिले ९, म्हणजे १,४५८ डाव. पाच मुख्य पिचरांनी सरासरी १५० टाकले तर ७५० होतात, आणि पाचही जण १५० गाठतील असे वर्ष क्वचितच येते. आठ राखीव (सामन्याच्या मध्ये येणाऱ्या) पिचरांचे प्रत्येकी ६० धरून ४८० होतात. तरीही सुमारे २३० डाव उरतात. ते सहाव्या, सातव्या, आठव्या पिचरने टाकायचे असतात. दुय्यम संघात पाठवता येणारे, म्हणजे तीनपैकी काही ‘ऑप्शन’ वर्षे शिल्लक असलेले पिचर म्हणूनच मोलाचे. ज्याचे ऑप्शन संपले त्याला खाली धाडायचे तर आधी इतर सर्व संघांपुढे उघडे करावे लागते.

फलंदाजांसाठी ‘वॉर’ हा आकडा वापरतात : सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती विजय अधिक मिळवून दिले. पूर्ण बदली खेळाडूंचा संघ सुमारे ४८ सामने जिंकेल असे धरतात. बाद फेरीसाठी साधारण ८८ लागले तर ४० विजय खेळाडूंतून उभे करायचे. यातून या चर्चेतील सर्वांत उपयुक्त नियम निघतो. गरज बाजारातल्या नावावरून ठरत नाही, त्या जागी आज कोण उभा आहे यावरून ठरते. तिसऱ्या बेसवर तीन विजयांचा खेळाडू असताना चार विजयांचा आणला तर लाभ एकाचा. कॅचरची जागा शून्यावर असताना दोन विजयांचा साधा कॅचर आणला तर लाभ दुप्पट, आणि खर्च बराच कमी. ओकलंडने २००१ नंतर जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इझ्रिंगहॉसन हे तिघे गमावले. जिआंबी यांच्या तोडीचा एक माणूस परवडणारा नव्हता. कोपराच्या मज्जातंतूच्या दुखापतीने कॅचर म्हणून फेकता न येणारे स्कॉट हॅटेबर्ग यांना त्यांनी पहिल्या बेसवर उभे केले, कारण ते बाद न होता बेसवर पोचत. २००२ मध्ये हे प्रमाण ०.३७४ होते. संघाने १०३ सामने आणि त्यांत सलग २० जिंकले. विसाव्यात ११-० ची आघाडी ११-११ झाल्यावर विजयी होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका) हॅटेबर्ग यांनीच मारला.

फलंदाजीच्या क्रमात एक पायरी खाली गेल्यास हंगामात फलंदाजीच्या सुमारे १५ ते २० संधी कमी होतात. पहिल्या क्रमांकावर नुसता वेगवान खेळाडू सुचवण्याची जुनी सवय यामुळे महागात पडते.

वारंवार होणाऱ्या चुका : ‘आपले तीन जास्तीचे देऊ, त्यांचा एक चांगला घेऊ’ हा प्रस्ताव सर्वांत जास्त ऐकू येतो. तो फसतो, कारण समोरच्याला ४० मध्ये दोन जादा जागा करून द्याव्या लागतात आणि त्यासाठी स्वतःचे दोघे सोडावे लागतात. दुसरी चूक वयाची. सहा वर्षांची सेवा पूर्ण होईतो बहुतेक खेळाडू २९–३० वर्षांचे होतात, म्हणजे बाजारात येणारा माणूस बहुधा आपली उत्तम वर्षे मागे टाकून आलेला असतो. याची उलट बाजूही आहे. सिनसिनाटीने डिसेंबर १९६५ मध्ये तिशीच्या फ्रँक रॉबिन्सन यांना वय झाले म्हणून बाल्टिमोरला दिले आणि १९६६ मध्ये त्यांनी फलंदाजीचे तिहेरी अग्रस्थान (सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा) व विजेतेपद दोन्ही मिळवले. चेंडू दूर जाणाऱ्या डेन्व्हरच्या विरळ हवेतील आकडे जसेच्या तसे धरणे, राखीव पिचरच्या ६० डावांवरून भाकीत करणे, या आणखी काही. दहा वर्षे सेवा आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात झालेला खेळाडू बदली नाकारू शकतो, हेही विसरले जाते. १९७३ मध्ये रॉन सँटो यांनी हा हक्क प्रथम वापरला.

२ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ असे ९९ दिवस मालकांनी टाळेबंदी केली तेव्हा वरच्या संघांचे सर्व व्यवहार गोठले होते.

इतर देश : जपान व दक्षिण कोरियात हेच नाव ‘स्टोव्ह लीग’ असे संक्षिप्त रूपात चालते. जपानी संघांनी खेळाडू अमेरिकन संघांपुढे ठेवण्याची ‘पोस्टिंग’ पद्धत १९९८ पासून आहे. सध्या वाटाघाटीची मुदत ४५ दिवस आहे आणि मूळ संघाला कराराच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढील अडीच कोटींवर १७.५ आणि त्यावर १५ टक्के मिळतात. भारतात आयपीएलचा लिलाव एक-दोन दिवसांत उरकतो, त्यामुळे महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या अशा चर्चेला येथे समांतर नाही. भारताचा थेट संबंध एकाच हिवाळ्याचा : नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्गने उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग व दिनेश पटेल यांच्याशी पिचर म्हणून करार केला. दोघेही दुय्यम लीगमध्ये खेळले. वरच्या संघापर्यंत पोचले नाहीत.