मिसेस चेस कधी रडल्या नाहीत

१९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेत माणसाएवढी एक बाहुली आली. मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी ती तयार केली होती, म्हणून तिचं नाव पडलं 'मिसेस चेस'. तिला कुशीवर वळवायचं, तिचं अंग पुसायचं, ती पलंगावर असतानाच खालची चादर बदलायची. हात बसायला उत्तम. पण "सिस्टर, मी वाचेन ना?" असं मिसेस चेसनी कधी विचारलं नाही, त्यामुळे त्यावर काय बोलायचं याचा सरावही झाला नाही. तो सराव पुढे वर्गातल्या नाटकातून कसा आला, त्याची ही गोष्ट.

रुग्णाशी बोलता न येण्याचं हे दुखणं मात्र त्याहून जुनं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रुग्णाला पोकळ धीर देणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. अशा धीराने रुग्ण माणसांत असूनही एकटा पडतो, हे त्यांचं म्हणणं. तरी शिक्षणाचा भर कितीतरी वर्षं हातांवरच राहिला. १९६० साली मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीज यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास मांडला, तेव्हा तिथे रुग्णाला 'दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर' म्हणायची पद्धत होती. मेन्झीज यांना त्यात नर्सचा कोडगेपणा दिसला नाही. रोज दुःखाशेजारी उभं राहायचं तर मध्ये आडोसा लागतो, आणि तो कामाच्या पद्धतीतच तयार झाला होता. या साऱ्या इतिहासातलं मला हेच निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. दुःखाजवळ जाण्याची ही धास्ती व्याख्यान ऐकून जाणारी नव्हे.

नर्स-रुग्ण नातं हाच शुश्रूषेचा गाभा, असं अमेरिकन नर्स आणि अभ्यासक हिल्डगार्ड पेप्लाव यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं. नाटकाची वाट मात्र दुसरीकडून आली. याकोब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएन्नात संहितेविना नाटकं केली आणि पुढे अमेरिकेत त्यातून मनोनाट्य, म्हणजे मनातल्या गोष्टी नाटक करून उलगडण्याची उपचारपद्धती, उभी केली. भूमिकांची अदलाबदल तिथलीच. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसमोर रुग्णाची भूमिका शिकवून तयार केलेली व्यक्ती बसवली. नर्सिंगनेही ही रीत पुढे उचलली.

सगळ्यात धीट पाऊल ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांचं. १९७०च्या दशकात आकाराला आलेल्या त्यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकच नाटकातला प्रवेश मध्येच थांबवतो आणि पात्राची जागा घेतो. वर्गात ते असं दिसतं: रुग्ण झालेली मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली आहे. नर्स झालेली मुलगी उशी सारखी करते, सलाईन बघते, "काही होणार नाही, आराम करा," म्हणते आणि वळते. "थांबा!" मागच्या बाकावरून कुणीतरी उठतं, स्टूल ओढून बसतं, बराच वेळ काहीच बोलत नाही. भिंतीकडची मान हळूहळू वळते.

प्रवेश संपला की रुग्ण झालेलीला आधी पलंगावरून उठवायचं, भूमिकेतून बाहेर येण्यासाठी तिला तिचं स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला लावायचं, आणि मगच चर्चा. डोळ्यांतलं पाणी कधी कधी खरं असतं.